गावरान कोंबड्यांची अंडी कमी झाली? औषधाआधी हे बघा

अंडी कमी झाली की बरेच जण आधी टॉनिकची बाटली आणतात. खरं कारण बहुतेक वेळा दाण्याच्या परातीत किंवा खुराड्याच्या फटीत असतं. म्हणून पुढच्या क्रमानं तपासत जा.

आधी अंडी शोधा

कोंबडी अंडी देतच नाही, की भलतीकडं देते? मोकळ्या कोंबडीला खुराड्यापेक्षा कडब्याच्या गंजीतली खोबण किंवा तुराट्यांच्या पेंढ्यांमागची जागा जास्त आवडते. दोन-तीन दिवस सकाळी ११ वाजेपर्यंत सगळ्यांना पाण्यासकट कोंडून ठेवा. बहुतेक अंडी त्याच वेळेत पडतात. आत अंडी मिळाली, तर अडचण जागेची आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात वाळलेलं गवत घातलेली टोपली ठेवा, चार-पाच कोंबड्यांमागं एक पुरते. टरफलाचे तुकडे किंवा ओलं गवत दिसलं, तर मुंगूस किंवा एखादी कोंबडीच अंडी फस्त करतेय असं समजा.

मग कोंबडी हातात घ्या

संध्याकाळी त्या बसल्या की एकेक उचलून बघा. तुरा लाल, भरलेला असेल तर ती अंड्यावर आहे. फिकट, आकसलेला असेल तर नाही. आता शेपटीखाली हात घाला. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली आणि द्वार ओलसर, रुंद असलं, तर कोंबडी अंडी देतेय. म्हणजे अंडी पुन्हा शोधायला लागा! एकच बोट कसंबसं बसलं आणि जागा कोरडी, आवळलेली असली, तर तिनं थांबवलंय.

तिथलीच पिसं बाजूला सारून बघा. बुडाशी पांढऱ्या लिखांचे झुपके दिसले तर उवा आहेत. काही कीड मात्र दिवसा अंगावर नसतेच. ती बसायच्या दांडीच्या फटीत लपते आणि रात्री रक्त पिते, म्हणून अंधारात बॅटरी घेऊन दांडी बघा. फटींना चुना भरा, आणि अंगावर मारायचं औषध डॉक्टरांना विचारूनच आणा.

दाणा: खरी मेख इथंच

आपल्याकडं सकाळी मूठभर ज्वारी फेकली की झालं. पण हिशेब करा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि टरफलात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिनं १० ग्रॅमच्या आसपास, तीही निम्म्या कसाची, आणि कॅल्शियम जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. पावसाळ्यात किडे, गांडुळं, हिरवा पाला ही तूट भरून काढतात. होळीनंतर रान करपलं की नुसत्या ज्वारीवर अंडं होणार कुठून?

घरी १० किलो खाद्य असं करा: ज्वारी किंवा मक्याचा भरडा साडेसहा किलो, सोयाबीन पेंड सव्वादोन किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, कोंबड्यांचं मिनरल मिक्स्चर पाव किलो, वर ३० ग्रॅम मीठ. दिवसभर चरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी ४०-५० ग्रॅम पुरतं, कोंडलेलीला १००-१२० ग्रॅम लागतं. घरचं सोयाबीन कच्चं घालू नका, ते पचत नाही, नीट भाजूनच द्या. सरकीची पेंड टाळा. भिजलेलं, बुरशीचा वास येणारं धान्य तर ‘कोंबड्यांना चालतंय’ म्हणून मुळीच घालू नका.

शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवी ती खाते. खाद्यात मिसळली तर पिलांच्याही पोटात जाते आणि त्यांच्या मूत्रपिंडाला बाधते.

दाणा बदलल्यावर दोन-तीन आठवडे धीर धरा. नुसता बलक वाढायलाच दहाएक दिवस लागतात.

ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर गेला की कोंबडी खाणं सोडून धापा टाकते. धापेमुळं रक्ताचं संतुलन बिघडतं आणि टरफल पातळ होतं. दाणा पहाटे आणि सांजेला द्या. पाणी सावलीत, मातीच्या परळात ठेवा आणि दुपारी एकदा बदला. पत्र्यावर कडबा अंथरा, वाऱ्याच्या बाजूला ओलं पोतं बांधा. एक दुपार पाणी संपलं तरी पुढचे कितीतरी दिवस अंड्यांना फटका बसतो.

जे निसर्गाचंच आहे

दिवाळीच्या सुमारास पिसं झडायला लागली की अंडी थांबतात, दीड-दोन महिने लागतात. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडीच देते. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसते. पिलं नको असतील तर तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवा, उठते. दुसऱ्या वर्षानंतर उतार लागतोच, त्याला औषध नाही.

डिसेंबरात आपल्याकडं दिवस ११ तासांचा असतो, भरपूर अंड्यांना १४ तास उजेड लागतो. ग्रामप्रिया किंवा वनराजासारख्या सुधारित जाती असतील तर पहाटे ४ पासून बल्ब लावा. माझ्या मते चार गावरान कोंबड्यांसाठी हा खटाटोप परवडत नाही, त्यात लोडशेडिंगनं उजेड कधी आहे कधी नाही असा असेल तर मुळीच नको.

डॉक्टर कधी

सगळ्यांची अंडी एकदम बंद, कवचाशिवायची अंडी, हिरवट शिट, वाकडी मान, यांतलं काही दिसलं तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय धरा. आजारी पक्षी वेगळा करा आणि जनावरांच्या डॉक्टरसाठीच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन लावा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. बाकीच्यांसाठी तीन महिन्यांनी जंताचं औषध आणि वेळच्या वेळी मानमोडीची लस ठेवा. लसीची कुपी सहसा शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून बर्फात आणावी आणि एकाच सकाळी, कोंबड्या सोडायच्या आत, सगळ्यांना टोचून घ्यावी.