टीडीएसच्या आकड्यावर पाण्याचा निकाल लावू नका: या चुका टाळा

नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसू लागला की घरात पहिली खरेदी होते ती टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरची. पेनाएवढं यंत्र, पेल्यात बुडवायचं आणि आकडा वाचायचा. तो आकडा सोसायटीच्या ग्रुपवर पडतो आणि तासाभरात पाणी चांगलं की वाईट हे ठरूनही जातं. गडबड होते ती इथेच. पाणी जड आहे का, त्यात विरघळलेले क्षार एकूण किती आणि ते पिण्याजोगं आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. मीटर त्यातल्या मधल्या प्रश्नाचं उत्तर देतो, तेही अंदाजाने.

मीटर खरं तर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतो आणि त्याला साधारण ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एखाद्या ठरावीक आकड्याने गुणून लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवतो. शेजाऱ्याच्या मीटरवर वेगळा आकडा आला म्हणून लगेच संशय घेऊ नका, दोन्ही यंत्रांचा गुणक वेगळा असू शकतो. पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं तरी आकडा झपकन चढतो, पण पाणी त्याने जड होत नाही. जडपणा येतो तो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. शिशाचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेची त्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. त्याच्या दहापट शिसं पाण्यात असलं तरी ते ०.१ मिलिग्रॅमच भरतं आणि घरगुती मीटर १ मिलिग्रॅमच्या खालचं काही दाखवतच नाही. जंतू तर या मोजमापात येतच नाहीत. त्यामुळे 'टीडीएस दीडशे, म्हणजे पाणी शुद्ध' हे वाक्य कितीही ठामपणे कानावर आलं तरी सोडून द्या.

याच मीटरवरून सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र, बसवणाऱ्याशी वाद होतात. आधी मोजलं, नंतर मोजलं, आकडा तोच, म्हणजे फसवलं! पण सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, अदलाबदल करतो. त्याच्या टाकीतल्या बारीक मण्यांवर कॅल्शियम-मॅग्नेशियम अडकतं आणि तिथलं सोडियम पाण्यात उतरतं. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, कधी किंचित वाढतोही. सॉफ्टनर चालतोय का हे बघायचं तर जडपणाच मोजायला हवा.

त्यासाठी थेंबांचा किट मिळतो. नमुन्यात रंगद्रव्य टाकलं की जड पाणी लालसर होतं. मग बाटलीतला द्रव थेंब-थेंब टाकत हलवत राहायचं आणि रंग पूर्ण निळा झाला की थेंब मोजायचे. बरेच जण जांभळी छटा दिसली की थांबतात आणि आकडा कमी येतो. लाली पूर्ण जाईपर्यंत थेंब टाकत राहा. उत्तर कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, लिटरला मिलिग्रॅम असं येतं. रूढ वर्गवारीप्रमाणे ६० पर्यंत मृदू, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे अति जड. वॉशिंग मशीन किंवा डिशवॉशरच्या पुस्तिकेत मात्र बऱ्याचदा जर्मन अंश असतात. एक अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम. हा फरक लक्षात न घेता सेटिंग केलं तर मशीन भलत्याच हिशेबाने चालतं.

किट नसेल तर बाटलीत थोडं पाणी, त्यात किसलेला साबण, आणि जोरात हलवा. फेसाऐवजी गढूळ साय तरंगली तर पाणी जड. साबण मात्र खराखुरा हवा. शाम्पू किंवा डिटर्जंटला जड पाण्यातही फेस येतो आणि चाचणीचा काही उपयोग राहत नाही.

बिघाड कुठे आहे, हे आधी शोधा

पाण्याचा रंग किंवा वास बदलला की लोक थेट फिल्टर बदलायला निघतात. त्याआधी तीन ठिकाणचं पाणी बघा: मुख्य लाइनवरून थेट येणारा नळ, टाकीतून येणारा नळ आणि शेजारच्या इमारतीतला नळ. तिन्हीकडे सारखंच असेल तर तक्रार पाणीपुरवठ्याकडे करायची. फक्त टाकीच्या नळाला वास असेल तर टाकी उघडून बघायची. फक्त गरम पाण्याला वास असेल तर गिझर तपासायचा. एकाच नळाची धार बारीक झाली असेल तर बहुधा त्याच्या तोंडाची जाळी तुंबलेली असते. ती फिरवून काढा, आत वाळूसारखे पांढरे कण सापडतील.

पेल्यात पाणी दुधासारखं दिसलं तर लगेच ओतू नका. मिनिटभर ठेवा. तळापासून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा आहे. तळाला गाळ बसला तर ती वेगळी गोष्ट. रस्त्यात पाइपचं काम झाल्यावर तांबूस पाणी आलं तर तो बहुतेक वेळा गंज असतो. आधी थंड पाण्याचा नळ सोडून ते वाहू द्या. गरम पाण्याचा नळ आधी सोडला तर तोच गाळ गिझरमध्ये जाऊन बसतो.

उकळणं आणि व्हिनेगर

पाणी खळखळून उकळलं की जंतू मरतात. जडपणाचा बायकार्बोनेटचा भागही कमी होतो, किटलीच्या तळाशी बसणारी खपली तीच. पण सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा तसाच राहतो. नायट्रेट किंवा शिशावर तर उकळणं उलटंच पडतं, कारण पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं.

खपली काढायला व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल पुरतं. ते संगमरवरावर सांडू देऊ नका, कारण संगमरवरही शेवटी कॅल्शियम कार्बोनेटच आहे. आणि ब्लीचसोबत तर कधीच वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. गिझरमध्ये पुन्हा लवकर थर धरू नये म्हणून तापमान फार चढवू नका. पाणी जितकं तापतं तितका हा थर जास्त बसतो.

नको तिथे उपकरण

जड पाणी पिणं हे मुळात आरोग्याचं संकट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादा ठरवलेलीच नाही. त्रास होतो तो गिझर, नळ, कपडे यांना. त्यामुळे सॉफ्टनर आंघोळीच्या आणि मशीनच्या लाइनवर असावा, पिण्याचा नळ वेगळा ठेवला तर उत्तम. १०० मिलिग्रॅम जडपणा काढताना लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. मीठ कमी खायला सांगितलेल्यांनी हे धरून चालावं. जंतू मारणारा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा गढूळ पाण्यात नीट काम करत नाही. आणि कार्बन फिल्टर जंतूंना रोखणारा क्लोरीन शोषून घेतो, म्हणून त्यातलं पाणी दिवसेंदिवस भरून ठेवायचं नसतं.

शंका उरली तर प्रयोगशाळा, पण एकच बाटली भरून 'सगळं तपासा' म्हणू नका. शिशाची तपासणी करायची तर किमान सहा तास न वापरलेल्या नळाचं पहिलंच पाणी घ्यायचं. जंतूंसाठी उलट: जाळी काढून, नळ थोडा वाहू देऊन, प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत. त्या बाटलीच्या तळाशी थोडी पूड दिसते, ती क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी मुद्दाम घातलेली असते. घाण समजून ती विसळून टाकू नका.