जर्नल पूर्ण करायचंय? तारीख मागून मोजा

दहा प्रयोगांचं जर्नल शेवटच्या रात्री लिहायला बसणारी मुलं आळशीच असतात असं नाही. ‘जर्नल पूर्ण करणे’ हे कामच इतकं मोघम आहे, की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. वहीत काम असं लिहा: ‘प्रयोग ४: निरीक्षण तक्ता आणि आलेख’.

मग सबमिशनच्या तारखेपासून मागे मोजा. सरांच्या सहीसाठी २ दिवस, प्रिंटसाठी १, दुरुस्त्यांसाठी १. म्हणजे तुमची खरी मुदत ४ दिवस आधीच संपते. एका प्रयोगाला किती वेळ लागतो, ते मनाने ठरवू नका. पहिला लिहिताना घड्याळ लावा आणि पुढच्यांना त्याच्या दीडपट वेळ धरा. स्वतःच्या कामाचा अंदाज माणूस कमीच धरतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी ही चूक १९७९ मध्येच मांडली होती.

‘संध्याकाळी बसू’ हे ठरवणं नव्हेच. ‘चारचं लेक्चर सुटलं की थेट लायब्ररी, प्रयोग ४’ असं ठरवा. फोन बॅगेत, बॅग लांबच्या खुर्चीवर.

एखादा दिवस बुडाला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काम लादू नका. बहुतेक वेळापत्रकं तिथेच मोडतात. राहिलेल्यासाठी शनिवारची सकाळ आधीपासून रिकामी ठेवा.