नवं पेन येतंय: शाई भरण्याआधीची कामं

नव्या फाउंटन पेनातला दोष पेन कोरडं असताना सापडला तर ते सहसा बदलून मिळतं. शाई भरल्यावर सापडला तर बरेच विक्रेते हात वर करतात. म्हणून शाईची पाळी सगळ्यात शेवटी. पार्सल कुठवर आलं हे दर तासाला पाहण्यापेक्षा तेवढ्या वेळात पुढची तयारी करून ठेवलेली बरी.

पार्सल वाटेवर असताना

आधी कन्व्हर्टर बघा, म्हणजे बाटलीतली शाई ओढून घेणारी पेनातली नळी. पेनासोबत येतोय का, नसेल तर कोणता लागेल? लामी, पायलट, सेलर, प्लॅटिनम आणि पार्कर यांचे कन्व्हर्टर आपापल्या पेनांपुरते असतात, एकाचा दुसऱ्याला सहसा बसत नाही. पेलिकनची कार्ट्रिजवाली (आयत्या भरलेल्या शाईच्या नळीची) पेनं, कावेको, फाबर-कास्टेल यांना ‘स्टँडर्ड इंटरनॅशनल’ माप चालतं. पण कावेको स्पोर्टचा दांडा इतका आखूड की नेहमीच्या लांबीचा कन्व्हर्टर त्यात मावत नाही. एकाच कंपनीतही फसगत होते. पायलटच्या कॉन-७० मध्ये सुमारे १ मिली शाई मावते, कॉन-४० मध्ये जेमतेम ०.४ मिली. साहजिकच सगळे कॉन-७० मागवतात आणि मेट्रोपॉलिटनमध्ये तो बसत नाही हे नंतर कळतं. पिस्टनच्या, म्हणजे मागचा गोंडा फिरवून दांड्यातच शाई ओढणाऱ्या पेनाला यातलं काहीच लागत नाही.

पहिल्या भरणीसाठी साधी, रंग पाण्यात पूर्ण विरघळलेली निळी शाई आणून ठेवा: पेलिकन ४००१ रॉयल ब्लू, वॉटरमन सेरेनिटी ब्लू किंवा पार्कर क्विंकची धुऊन जाणारी निळी. नव्या पेनात नवी चमकीची शाई भरली आणि लिहिताना अडलं, तर दोष पेनाचा की शाईचा हे कळायला मार्ग उरत नाही. या तिघींतही फरक आहे. पेलिकन ४००१ जरा कोरडी वाहते, वॉटरमन त्याहून ओली. त्यामुळे कंजूष निबेला वॉटरमन आणि भसाभस शाई सोडणाऱ्या निबेला पेलिकन हा सोपा उतारा आहे. पिगमेंटच्या (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या), चमकीच्या आणि आयर्न गॉल (लोखंडाच्या क्षारांच्या) शाया पेनाचा स्वभाव कळेपर्यंत बाजूला ठेवा. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र कधीच नको. तिच्यात लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो आणि तो फीडमध्ये, म्हणजे निबेखालच्या काळ्या जिभेत, वाळला की निघत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत: घड्याळजी डोळ्याला लावतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, कान धुण्याची रबरी पिचकारी, बोथट सुईची छोटी सिरिंज, टिश्यू पेपर आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब. कागद ८० जीएसएम किंवा त्याहून जाड, शाई न फुटणारा घ्या. स्वस्त कागदावर चांगली निबही खराब वाटते.

निबेच्या मापाबद्दलची अपेक्षाही आत्ताच जुळवून घ्या. जपानी कंपन्यांची एफ (फाइन) निब साधारणपणे युरोपीय ईएफ (एक्स्ट्रा फाइन) निबेइतकी बारीक लिहिते. देवनागरीत ह, ळ, क्ष यांच्या गाठी आणि वेलांट्या दाटीने येतात. अक्षर लहान असेल तर युरोपीय एम (मीडियम) निबेने गाठी बुजतात. तो पेनाचा दोष समजू नका.

खोकं उघडल्यावर

खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ करा, तक्रारीच्या वेळी तोच कामी येतो. पार्सल फार गार किंवा फार तापलेलं असेल तर पेन तासभर खोलीत तसंच राहू द्या.

मग टोपण उघडा आणि पुन्हा लावा. आटे घासत, अडखळत बसत असतील तर जोर लावू नका. टोपणाची कड आणि ग्रिप (बोटांनी धरायचा भाग) जिथे दांड्यात बसते तो जोड, बारीक तडे याच दोन ठिकाणी जातात. पेन पारदर्शक असेल तर मागून टॉर्च धरा, तडा चमकतो. पिस्टनचा गोंडा हलक्या हाताने फिरवा. अडला तर तिथेच थांबा. ट्विस्बीच्या बऱ्याच पिस्टन पेनांसोबत पाना आणि सिलिकॉन ग्रीस येतं, म्हणून पहिल्याच दिवशी पेन खोलायचा मोह होतो. तो आवरा.

फीडवर पाण्याचा किंवा फिकट रंगाचा अंश दिसला तर लगेच ‘वापरलेलं पेन पाठवलं’ म्हणून ओरडू नका. काही कारखान्यांत निब बुडवून लिहून तपासतात. टोपणाच्या आत वाळलेली शाई, कन्व्हर्टरच्या तोंडाशी ओरखडे, दांड्याच्या मागच्या टोकाला टोपण खोचल्याची वर्तुळं, ही वापराची खरी खूण. आणि लामी सफारी असेल तर दांडा आणि ग्रिप यांच्यामध्ये पुठ्ठ्याची एक चकती असते. वाहतुकीत कार्ट्रिज फुटू नये म्हणून ती घातलेली असते. ती काढल्याशिवाय दांडा पूर्ण आवळला जात नाही आणि कार्ट्रिजला भोक पडत नाही. ‘नवीन सफारी लिहीतच नाही’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते.

निब: इथे घाई नको

भिंग लावून निब आधी समोरून पाहा, म्हणजे टोकावरचा दाणा थेट डोळ्याकडे. मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत हवीत. एक वर आणि एक खाली असेल तर पेन एका दिशेने गुळगुळीत चालतं आणि दुसऱ्या दिशेने खरवडतं. नव्या पेनातला सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच, आणि घरी सुटण्यासारखाही. वर असलेलं पातं अंगठ्याच्या नखाने दोन-तीन सेकंद किंचित खाली दाबा, सोडा, पुन्हा भिंगातून पाहा. स्टीलची निब ताठ असते, चार-पाच वेळा करावं लागतं. सोन्याची लवकर वळते, म्हणून तिथे हात आणखी हलका.

आता वरून, उजेडाकडे धरून. चीर निबेवरच्या हवेच्या भोकापाशी थोडी रुंद असून टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे. टोकाशी पाती एकमेकांना जेमतेम टेकलेली किंवा केसभर अंतरावर. चीर टोकाकडे उलट रुंदावत असेल तर शाई तिथवर चढतच नाही, कारण ती अरुंद फटीकडे ओढली जाते, रुंद फटीकडे नाही. आणि पाती घट्ट आवळलेली असतील, उजेडाची रेघसुद्धा दिसत नसेल, तर पेन कोरडं लिहिणार. ०.०५ मिमी जाडीची पितळी पट्टी चिरेतून भोकापासून टोकाकडे दोनदा अलगद ओढली की थोडी मोकळीक मिळते.

तिसरा दोष फसवा आहे. दाण्याला कारखान्यात जास्त पॉलिश झालं की चिरेच्या आतल्या कडा गोल होतात. दोन गोल गालांमध्ये खाच पडावी तसा दाणा दिसतो, म्हणूनच जाणकार त्याला ‘बेबीज बॉटम’ म्हणतात. निब लोण्यासारखी चालते, पण पहिली रेघ उमटत नाही. दाबलं की उमटते. शाई खाचेत वर अडकून राहते, कागदाला टेकत नाही. यावर उपाय म्हणजे १२,००० ग्रिटच्या मायक्रोमेशवर, म्हणजे अगदी बारीक घासपट्टीवर, घासणं. पण एकदा घासलेल्या निबेची वॉरंटी सहसा जाते आणि उडालेला दाणा परत येत नाही. नव्या पेनाला हे करू नका, सरळ बदलून मागा.

शेवटी फीड. ती चिरेच्या बरोबर मधोमध आणि निबेला चिकटून हवी. दोघांमध्ये कागदाची पट्टी सहज सरकत असेल तर शाई मध्येच तुटेल.

आता निब साध्या पाण्यात बुडवून कागदावर लिहा. ओली रेघ तिरक्या उजेडात दिसते, खरखर हाताला कळते, आणि पेनाला शाईचा डागही लागत नाही. इथवर काही खटकलं तर आजच विक्रेत्याला कळवा.

धुणं

नव्या पेनाच्या फीडमध्ये बनवतानाचं तेल राहिलेलं असू शकतं आणि तेलावर शाई टिकत नाही. खोलीच्या तापमानाचं २५० मिली पाणी आणि साबणाचा एकच थेंब. कन्व्हर्टरने दहा वेळा भरा आणि सोडा, मग साध्या पाण्याने पुन्हा दहा वेळा. कन्व्हर्टर काढून ग्रिपच्या मागच्या तोंडाला रबरी पिचकारी लावली तर हेच काम मिनिटात होतं. गरम पाणी, स्पिरिट, अ‍ॅसिटोन वर्ज्य. गरम पाण्याने एबोनाइटचा (कडक रबराचा) रंग उडतो, अ‍ॅसिटोनने प्लास्टिक विरघळतं. नंतर निब खाली करून टिश्यू घातलेल्या पेल्यात रात्रभर उभं ठेवा. ओलं पेन भरलं तर पहिलं पान फिकट येतं, एवढंच.

पहिली भरणी

निब हवेच्या भोकाच्या वरपर्यंत, म्हणजे ग्रिपची कड किंचित बुडेल इतकी शाईत घाला. निम्मी बुडवली तर कन्व्हर्टर हवाच ओढतो. भरा, बाटलीतच सोडा, पुन्हा भरा. निब शाईत दहा सेकंद राहू द्या, बाहेर काढून दोन-तीन थेंब परत बाटलीत सोडा, मग निब वर करून गोंडा थोडा उलट फिरवा म्हणजे फीडमधली जादा शाई आत जाईल. कार्ट्रिज असेल तर ‘कट’ आवाज होईपर्यंत दाबा आणि निब खाली करून पंधरा मिनिटं थांबा.

लिहिताना आडवे आठ काढा, लांब शिरोरेषा ओढा, मग ह आणि ळ. टोपण काढून मिनिटभर ठेवा आणि लिहा. टोपण लावून आडवं रात्रभर ठेवा आणि सकाळी लिहा.

सकाळी अडलं पण रात्री पेन निब वर करून ठेवलं होतं, तर शाई नुसती खाली उतरली आहे. आडवं ठेवूनही अडत असेल तर टोपणातून हवा जाते आहे. अर्ध्या पानानंतर रेघ फिकी पडत असेल तर कन्व्हर्टरमध्ये पाहा. शाई मागच्या टोकाला चिकटून बसलेली दिसेल. टिचकी मारली की उतरते. रोजच होत असेल तर कन्व्हर्टर साबणाच्या पाण्याने पुन्हा धुवा. कागदाच्या खालच्या भागातच रेघ तुटत असेल तर तो तळहाताचा तेलकटपणा, हाताखाली दुसरा कागद ठेवा. निबेवर वर चढलेला शाईचा पातळ थर निरुपद्रवी असतो.

दांड्यात थेट शाई भरणाऱ्या ड्रॉपरच्या पेनाची गोष्ट वेगळी. आट्यांना सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. पेट्रोलियम जेली नको, ती रबराच्या रिंगा फुगवते. शाई एक तृतीयांश उरली की भरून घ्या. दांड्यात हवा जास्त झाली की हाताच्या उबेने ती फुगते आणि कागदावर थेंब टाकते.