चवथीआधी झाडांच्या टाकीतली रेती बदलताय? या चुका टाळा

चवथ पंधरा दिवसांवर आली की गोव्यातल्या घरांत कुठलीच वस्तू जागेवर राहत नाही. भिंतींना रंग, माटोळीच्या (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट) जागेची झाडझूड, आणि त्याच झपाट्यात घरातल्या कोणाची तरी नजर बैठकीतल्या मासे नि पाणझाडांच्या काचेच्या टाकीवर जाते. आमच्याकडे ती आईची होती. "अरे, ही रेती काळी पडली रे, माणसं येणार आता घरात." मी रविवारी सकाळी टाकी उपसली, तीन वर्षांची रेती फेकली, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला, काचा आतून घासल्या आणि दुपारी ताजं पाणी भरलं. टाकी इतकी लख्ख दिसत होती की शेजारी बघायला आले. गुरुवारपर्यंत बारातले नऊ निऑन टेट्रा मासे मेले.

रेती बदलली हे चुकलं नव्हतं. सगळं एकाच दिवशी स्वच्छ केलं, हे चुकलं.

रेती आणि फिल्टर एकत्र धुणं

माशांचा मल, उरलेलं खाणं, कुजकी पानं यांतून माशांना विषारी असलेला अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते स्पंजला, दगडांना, रेतीच्या वरच्या थराला चिकटून राहतात. रेती काढली की त्यांची एक वस्ती उठते. दुसरी वस्ती फिल्टरमध्ये असते, तिला त्या आठवड्यात हात लावायचा नाही. धुवायचाच असेल तर फिल्टर दोन आठवडे आधी धुवा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणूंना मारण्यासाठीच घातलेलं असतं. फोंड्याला नळाचं पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं, तुमच्याकडे साळावलीच्या केंद्रातून येत असेल. स्पंजला दोन्ही सारखीच. काम चालू असताना स्पंज सुकू देऊ नका. बंद कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) तासन्‌तास तसाच ठेवला तर आतला प्राणवायू संपतो, म्हणून त्याच्या नळ्या माशांच्या टबात सोडून तो चालू ठेवा.

मासे आत असताना ढवळणं

बारीक रेतीच्या जाड थराच्या तळाशी हवा पोचत नाही आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठू शकतो. उपसताना सडक्या अंड्यांचा वास आला तर समजा तोच. शिवाय वर्षानुवर्षांचा गाळ एकदम पाण्यात येतो. मासे आधी जुन्या पाण्याच्या टबात काढा, वर झाकण ठेवा (टेट्रा उडी मारतात), हवेचा पंप लावा. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा पंप जवळ असलेला बरा.

साधी रेती काढून साधी रेतीच घालायची असेल तर मासे न हलवताही जमतं. जाड नळीच्या सायफनने दर आठवड्याला एक तृतीयांश पट्टा ओढून घ्यायचा, ढवळायचं नाही. ॲक्वासॉइलला (पाणझाडांसाठी विकत मिळणारी खतयुक्त मातीची गोळ्या) मात्र ही युक्ती लावू नका. ते पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतं आणि जुन्या रेतीत मिसळून चिखल होतो. ते एकदमच घालावं, आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य येईपर्यंत मासे दुसरीकडे ठेवावेत.

मिरामारची पिशवीभर रेती

फुकट मिळते, दिसायलाही छान. पण समुद्राच्या रेतीत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याने पाण्याचा जडपणा आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) वाढतो. घातक अमोनियाचं प्रमाण पीएचवर ठरतं: 28 अंश तापमानाला पीएच 7 वरून 8 वर गेला की तेवढ्याच एकूण अमोनियात विषारी भाग सुमारे नऊ पट होतो. जीवाणूंची वस्ती अर्धी उठवायची आणि वर हे करायचं, म्हणजे एकाच आठवड्यात दोन संकटं. मूठभर सुक्या रेतीवर व्हिनेगर ओतून पाहा. फेस आला तर ती नको. घराच्या कामातून उरलेली नदीची रेती चालते, पण चाळून आणि बादलीतलं पाणी निवळ येईपर्यंत धुऊन. ॲक्वासॉइल मात्र धुवायचं नाही, गोळ्या फुटतात.

विहिरीचं पाणी आणि ॲक्वासॉइल

जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि आम्लाकडे झुकलेलं असतं. "क्लोरीन नाही, मग उत्तमच," असं आपण म्हणतो. पण पीएच सावरून धरणारे क्षार त्यात आधीच कमी असतात आणि ॲक्वासॉइल उरलेलेही शोषून घेतं. पीएच सहाच्या खाली घसरतो, जीवाणू मंदावतात, अमोनिया साठत जातो. तरी मासे ठीक दिसतात, कारण आम्ल पाण्यात तो बराचसा निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. मग विहीर आटली किंवा पंप बिघडला म्हणून तुम्ही नळाचं पाणी भरता, पीएच एकदम चढतो, साठलेला अमोनियम विषारी होतो आणि मासे पाणी बदलल्याबरोबर मरतात. दोष नळाला जातो. पीएच आणि केएच (पीएच सावरणाऱ्या क्षारांचं माप) दोन्ही मोजा, पाणी बदलताना थोडं थोडं बदला.

झाडं

डोक्यावरचा पंखा बंद करा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली नाहीत तर झाडं पंख्याखाली दहा मिनिटांत सुकतात. क्रिप्टोकोरायनी जातीची पाणझाडं मुळं हलवल्यावर पानं गाळतात, त्यातली कोकण-गोव्याच्या ओढ्यांतली स्पायरालिसही. ती उपटून फेकू नका, कंदातून पुन्हा फुटतात. अनुबियास या पाणझाडाचा कंद रेतीत पुरला तर मात्र कुजतो, तो लाकडाला बांधा.

पाणी भरल्यानंतर

पाणी ताटलीवर ओता, नाहीतर सगळा थर उसळेल. रेती खाली बसेपर्यंत फिल्टर लावू नका, इम्पेलरमध्ये (फिल्टरच्या पंपाचं फिरतं पातं) एक कण अडकला तरी घरघर सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं तर ती बहुधा जीवाणूंची वाढ असते, आपोआप निवळते. अशा वेळी सगळं पाणी फेकण्याचा मोह आवरा. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर थांबू नका: अमोनिया, नायट्राइट तपासा, क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने 30 ते 50 टक्के बदल करा, हवा वाढवा. दोन आठवडे रोज चाचणी, खाणं चिमूटभर, दिवा सहा तास. नवे मासे महिनाभर नकोत.

आणि चवथ खरंच तोंडावर आली असेल तर रेतीला हातच लावू नका. पाहुण्यांना खुपते ती काळी-हिरवी रेघ बरेचदा काचेला चिकटलेल्या शेवाळाची असते, बाजूने उजेड पडतो म्हणून वाढलेली. रेतीच्या उंचीएवढी काळी चिकटपट्टी काचेला बाहेरून लावा. मी पुढे एकदा तशी लावली. आईने पाहिलं तेव्हा विचारलं, "रेती बदलली वाटतं?" मी हो म्हटलं.