इथ्रेलचा पंप भरायच्या आधी खोड बघा

राम राम मंडळी. सप्टेंबर लागला की आपल्या सांगोला-मंगळवेढ्याकडं डाळिंबाचा हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं, धरणाऱ्यांचा एकच प्रश्न असतो, पानं गाळायचं औषध इथ्रेल किती मारू. शेजाऱ्यानं दीड मिली मारलं म्हणून हाबी दीड मिली मारतो, शेजाऱ्याची जमीन मुरमाड अन् ह्याची काळी चिकट, त्याच्या झाडाला महिनाभर पाणी तोडून दिलेला ताण अन् ह्याच्या झाडाखाली परवाच्या पावसाचं पाणी अजून हाय. मग पानं गळंनात की औषध डुप्लिकेट निघालं म्हणून दुकानदाराच्या नावानं बोंब.

इथ्रेलमधनं झाडाला खायला काही मिळत नाही, फक्त निरोप जातो की पानं टाक. औषध पानात शिरलं की फुटून इथिलीन वायू होतो, पिकत्या केळीतनं निघतो तोच, अन् देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो तो सैल पडतो. पण पान हिरवंगार धडधाकट असेल तर ते ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक सारखं खाली सोडत असतं अन् त्यामुळं तो थर घट्ट राहतो. म्हणून आधी ताण बसू द्यायचा, पानं जरा पिवळट-निस्तेज दिसाय लागली की मग ३९ टक्केवालं इथ्रेल लिटरला १ ते २ मिली अन् सोबत डीएपी खत ५ ग्रॅम. निम्मी पानं आपोआप गळाली असतील तर खालच्या डोसवरच थांबा, जास्त मारलं की शेंडे वाळतात. आणि आपल्याकडच्या बोअरच्या खारट पाण्यात हे औषध फार वेळ टिकत नाही, कालवलं की लगेच मारायचं, रात्री ड्रम भरून ठेवून सकाळी मारणारे बघितलेत मी, ते निम्मं पाणीच मारतात.

आता खरी गोष्ट. तीन वर्षांमागं माझ्या बांधाकडच्या ओळीत दोन झाडांची एकेक फांदी पिवळी पडलेली, मी म्हणलं ताण चांगला बसलाय की, अन् सगळ्यांबरोबर त्यांनाबी इथ्रेल दिलं. बाकीची बाग पाणी सोडल्यावर लालसर फुटली, ही दोन झाडं मात्र काडीसारखी उभी. शेवटी एक बुडातनं कापलं तर पांढऱ्या लाकडात काळपट-करडा डाग, मधनं बाहेर फाकलेला, शाई सांडल्यासारखा. मर रोग. सेराटोसिस्टिस नावाची बुरशी पाणी वर नेणाऱ्या नळ्यांतच बसते, झाड आतनं तहानलेलं असतं, म्हणून लांबून बघितलं तर ताण अन् मर सारखंच दिसतं, मी तिथंच फसलो. फरक एवढाच धरायचा, ताण सगळ्या झाडावर सारखा दिसतो, मर बहुतेक वेळा एका फांदीवरनं सुरू होतो. शंका आली की जमिनीलगत साल चाकूनं बोटभर खरवडून आत तसाच काळपट डाग हाय का बघा, दोन मिनिटांचं काम हाय.

दुसरं, खोडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं अन् त्यातनं बारीक भुसा दिसतोय का बघा. तो छोटा भुंगेरा, आपण पिन होल बोरर म्हणतो तो. गंमत म्हणजे हा किडा लाकूड खातच नाही, भुसा बाहेर ढकलतो, बोगद्यात स्वतःबरोबर आणलेली बुरशी पेरतो अन् तिच्यावर पिल्लं पोसतो, म्हणजे आपल्या खोडात त्याची वेगळीच शेती! अन् तो बरोबर आजारी झाडावरच येतो, कारण मुळाला हवा मिळाली नाही की झाडात अल्कोहोल तयार होतं अन् त्या वासावर हा येतो. काळ्या रानात पाणी साचलं की मुळं गुदमरतात, झाड घरातल्या घरात इथिलीन वाढवतं, पानं खाली लोंबतात, वरनं तुम्ही आणखी इथ्रेल मारणार... कशाला राव.

अशी झाडं असतील तर त्यांना बहार धरू नका. त्या झाडांना अन् आजूबाजूच्यांना प्रोपिकोनाझोल ह्या बुरशीनाशकाची आळवणी करतात, म्हणजे पाण्यात कालवून बुडाशी ओततात, पण डोस अन् सोबत काय घालायचं ते केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची यंदाची शिफारस बघूनच ठरवा. मेलेलं झाड मुळासकट काढून बागेबाहेर जाळा, बांधावर रचून ठेवू नका, अन् त्याचं पाणी चांगल्या ओळीत जाऊ देऊ नका. छाटणीच्या कात्र्या झाडागणिक निर्जंतुक करा, कापावर बोर्डो पेस्ट लावा.

बुरशीच्या नावानं सगळेच बोटं मोडतात, पण द्राक्षवाल्यांनी तिचे उपकार मानावेत. ऑक्टोबर छाटणीनंतर मणी लांबवायला जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड मारता ना, ते मुळात बुरशीतनंच सापडलं. जपानमध्ये भाताची रोपं येड्यासारखी उंच वाढून लोळायची, १९२६ मध्ये शास्त्रज्ञ कुरोसावांनी दाखवलं की हे बुरशी सोडते त्या रसाचं काम हाय, अन् १९३५ मध्ये याबुतांनी त्याला जिबरेलिन नाव दिलं. तर जीएचा हिशोब नीट करा, १ ग्रॅम शुद्ध जीए १०० लिटर पाण्यात म्हणजे १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), पावडर आधी ॲसिटोनमध्ये विरघळवून घ्या, अन् घड आधीच कमजोर असेल तर पीपीएम वाढवून तो सुधरत नाही.

ज्वारीवाल्यांसाठी थोडकं. मालदांडी ज्वारी पेरताना बियाण्याला किलोला ४ ग्रॅम ३०० मेश (बारीक भुकटीचं) गंधक चोळा, कणसातल्या दाण्यांची काळी भुकटी करणारी काणी आटोक्यात राहते. उगवल्यावर पहिला महिना खोडमाशीचा. पोंगा म्हणजे मधला कोवळा शेंडा मेला की बगलेतनं फुटवे येतात कारण शेंड्याचा धाक संपतो, पण त्या फुटव्यांची कणसं मागं राहतात, त्यावर खूश होऊ नका.

ज्यांच्या बागेत आत्ता पाणी उभं हाय त्यांनी उद्या सकाळी आधी चर काढा, पंप आठवडाभर खोलीतच राहू द्या.