मोठी संयुक्त संख्या हाताने कशी फोडायची: बारा एकांचं उदाहरण

आपल्या नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे पोट्टे मोठी संख्या दिसली की सरळ २, ३, ५, ७ नी भागत सुटतात आणि चार भागाकारांत थकून जातात. माझं म्हणणं एवढंच की भागायच्या आधी संख्येची ठेवण बघा, ती सापडली तर अर्ध्याहून जास्त काम तिथंच होऊन जातं.

उदाहरणाला ११११११११११११ घ्या, म्हणजे लागोपाठ बारा एक, अकरा हजार कोटींच्या वर.

पायरी १: अंकांची बेरीज. ती १२ येते, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने नाही. शेवटी १ आहे म्हणून २ आणि ५ चा प्रश्नच नाही.

पायरी २: ही माझी सगळ्यात आवडती कसोटी आहे आणि शाळेत ती का शिकवत नाहीत कोण जाणे. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-वजा करायचं, उत्तराला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो. आधी घरचा पिनकोड घेऊन हात बसवा, जसं नागपूरचा ४४००२२: ४४० − २२ = ४१८, म्हणजे ११ × ३८, ७ आणि १३ ने मात्र जात नाही, तर ह्या पिनकोडला तिघांपैकी फक्त ११ ने भाग जातो. आपल्या बारा एकांचं १११ − १११ + १११ − १११ = ०, आणि शून्याला तिन्हीने भाग जातो, म्हणजे एका झटक्यात तीन अवयव हातात.

पायरी ३: आता ठेवण. सहा एक, पुन्हा सहा एक, म्हणून संख्या झाली ११११११ × १००००००+१ नव्हे, नीट कंसात लिहा: ११११११ × (१०००००० + १). पहिला तुकडा १११ × १००१, आणि १११ = ३ × ३७. दुसरा तुकडा म्हणजे १०० चा घन अधिक १ चा घन, इथं शाळेतलं a³ + b³ चं सूत्र म्हणजे घनांच्या बेरजेचं सूत्र लावा: (१०० + १)(१०००० − १०० + १) = १०१ × ९९०१.

९९०१ मूळ आहे का? १०० चा वर्ग १०००० म्हणजे त्याहून मोठा, म्हणून १०० च्या आतल्या २५ मूळ संख्यांनी तपासलं की पुरे, कशानेच भाग जात नाही. तर अवयव झाले ३, ७, ११, १३, ३७, १०१, ९९०१.

पायरी ४: आता गुणधर्म आपोआप मिळतात. सातही अवयव एकेकदाच आलेत, म्हणून विभाजक २ चा सातवा घात म्हणजे १२८. प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणाकार केला की सगळ्या विभाजकांची बेरीज मिळते: ४ × ८ × १२ × १४ × ३८ × १०२ × ९९०२ = २०६३३१६९७१५२. ही संख्येच्या दुपटीपेक्षा कमी आहे, म्हणजे स्वतःला सोडून बाकीचे विभाजक मिळवले तरी ती संख्या भरून निघत नाही.

ठेवण असूनही सहजासहजी न फुटणाऱ्या संख्याही आहेत बरं. २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, हिला फ्रेंच गणिती मर्सेननं १६४४ मध्ये मूळ म्हटलं होतं, दुसरा फ्रेंच गणिती ल्युकास, त्यानं १८७६ मध्ये ती संयुक्त आहे हे सिद्ध केलं पण एकही अवयव न सांगता, आणि अवयव मिळाले थेट १९०३ मध्ये, अमेरिकन गणिती फ्रँक कोल यांना: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. संयुक्त असणं कळणं आणि अवयव सापडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फार म्हणजे फार अवघड आहे.

साध्या कॅल्क्युलेटरवर २१ अंक मावत नाहीत, पण वहीवर पडताळा घेता येतो. वरच्या दोन अवयवांच्या अंकांच्या बेरजा ३७ आणि ६४, दोन्हींना ९ ने भागून बाकी १, गुणाकाराची बाकीही १ यायला हवी, आणि मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९, बाकी १. एवढ्यानं गुणाकार बरोबर आहे हे सिद्ध होत नाही, पण एखादा अंक चुकीचा उतरवला असेल तर बहुतेकदा इथंच पकडला जातो, मग पूर्ण गुणाकार मांडायला घ्या.