जुन्या कबरीवरचा संगमरवर धुताना

शिवडी असो वा दापोली, जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत काम सुरू करण्याआधी चर्चची किंवा ट्रस्टची लेखी परवानगी घ्या. स्मारक संरक्षित असेल, तर पुरातत्त्व खात्याशिवाय हात लावू नका.

आधी दगडावरून बोट फिरवा. बोटाला साखरेसारखे कण लागले, तर धुणं रद्द. तो दगड जाणकारावर सोपवा. बोटाने हलकेच ठोकून पोकळ आवाज आला, तरी थांबा.

दगड घट्ट असेल तर साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश पुरेसा. पाणी भरपूर मारून दगड भिजवा, मग खालून वर घासत जा, म्हणजे कोरड्या भागावर मळाचे ओघळ उमटत नाहीत. शेवाळ बांबूच्या चपट्या काडीने काढा. ॲसिड मुळीच नको: संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाने रूप पालटलेली चुनखडी, ॲसिडमध्ये ती विरघळते आणि कोरीव अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर, ब्लीचही नकोच.

पुसट अक्षरं वाचायला खडू घासू नका. आरशाने बाजूने तिरका उजेड पाडा, तारीखसुद्धा उठून दिसते.

सांधे भरायला सिमेंट वापरू नका. ते दगडापेक्षा कडक, शिवाय ओल कोंडून ठेवतं. मग दगडच फुटतो. मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग घ्या. ओलं गोणपाट टाकून आठवडाभर ओल टिकवा. हे काम पावसाळा सरल्यावरच काढा.